काटा

केंद्राच्या पत्र्याखाली टांगलेला काटा:
गोल तोंड, एकच सुई,
आणि सुईला लाज नाही,
मी वहीत लिहीन तेच तिचं वजन.

मी बोसिबोरी. न्यामिराच्या टेकड्यांवरचा
हिरवा चहा मोजून घेते.
सकाळी धुकं पाठीवर घेऊन बाया पानं खुडतात,
दुपारी पोती येतात, डोक्यावरून, सायकलवरून,
एक आंधळे ओगेटोबाबा येतात नातवाच्या खांद्यावर हात ठेवून,
पोतं लटकलं की कान टवकारतात,
जणू वजन ऐकू येतं.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले होते,
पोत्यामागे एक किलो. पाण्याचा.
मी म्हटलं, आज तर कडक ऊन आहे.
ते हसले. पानात पाणी असतंच की, बाई.

सहा वर्षं मी ते पाणी कापलं.
शनिवारी, आमच्या शब्बाथाला,
त्याच बोटांनी उपासनेत ओळी शोधल्या,
ती बोटं हिरवी असायची, साबणाने न जाणारी.

मग देवळावर नवं छप्पर आलं.
चाळीस पत्रे, मंडळीचे वडील ओन्चिरी यांच्याकडून.
ते फॅक्टरीच्या समितीवर आहेत.
वाईट माणूस नाही, हे लिहायलाच हवं:
पुराच्या रात्री माझ्या आईला खांद्यावर घेऊन
त्यांनीच नदी ओलांडली होती.

त्या शनिवारी पाळक काट्यांच्या मुकुटाविषयी बोलत होते
आणि मला एकच काटा दिसत होता.
वर पाहिलं. पत्र्याच्या पन्हळी.
एक किलो, एक किलो, एक किलो,
मी भिंतीपर्यंत मोजत गेले
आणि प्रार्थनेला सगळे उठले तेव्हा बसूनच राहिले.
शेजारणीला वाटलं, गुडघे दुखतात.

सोमवारी मी जेवढं होतं तेवढं लिहिलं.

आकाश उघडलं नाही.
ओगेटोबाबांच्या नातवाने पावती दोनदा वाचली
आणि विचारलं, चूक झाली का, मावशी?

महिनाअखेरीला फॅक्टरीचं वजन माझ्या वहीपेक्षा कमी भरलं.
वाटेत पानं सुकतात, हे खरंच आहे.
त्या एका किलोतला थोडा भाग खरोखरच पाण्याचा होता,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
की मीच विचारलं नव्हतं.
तूट माझ्या पगारातून गेली.
धाकटीची फी राहिली.
नवरा काही बोलला नाही, फक्त
दिव्याची वात खाली केली, रॉकेल वाचावं म्हणून.

ओन्चिरी स्वतः आले. काठी टेकून उभे राहिले.
म्हणाले, मीठ चवीपुरतं असावं, पोरी,
तू तर अख्खं पोतं ओतलंस.
मी म्हटलं, बाबा, तूट लिहायची तर लिहू या,
पण जेवढी आहे तेवढी, आणि सगळ्यांसमोर.
ते छपराकडे पाहत राहिले. केंद्राच्या.
तेही पत्र्याचंच.
नदीविषयी ते काहीच बोलले नाहीत;
बोलले असते तर कदाचित मी ऐकलं असतं.

आता भिंतीवर एक पाटी आहे, खडूची.
वाटेतली तूट, रोजची, आकड्यांत.
कधी अर्धा किलो, कधी त्याहून कमी.
पुढच्या महिन्यात पाटी राहील की नाही, ठाऊक नाही.
मीही.

आणि केरुबो आहे, विधवा, वाकलेली.
पोतं टांगण्याआधी ती ओच्यातून
दोन मुठी पानं काढते, वरून टाकते.
काट्यासाठी, म्हणते.
इतक्या वर्षांची सवय.
मी सांगून पाहिलं. ती मान डोलावते
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन मुठी.

म्हणून आता मी आधी पोत्यात हात घालते,
दोन मुठी काढून तिच्या ओच्यात परत ठेवते,
मगच सुईकडे पाहते.

ती रोज माझ्याकडे संशयाने बघते.
रांग खोळंबते.