वाढ

खारघरला, टेकडीकडे तोंड केलेल्या खोलीत
सदतीस अंशांवर माझ्या पेशी बसून आहेत.
कालपासून उपाशी.
सिरम मीच काढून घेतलं, मीठ-साखर-पाणी तेवढं ठेवलं,
आणि पिपेटच्या टोकाने त्यांच्या मधोमध
एक सरळ ओरखडा काढला.
अशाने मरत नाहीत त्या. थांबतात फक्त,
पान मांडलेल्या पंगतीसारख्या,
वाढपी येईपर्यंत गप्प.

साडेनऊला वाढपी मी.
थेंबात इतकं थोडं प्रथिन
की वहीत नॅनोग्रॅम, आणि डोळ्याला काहीच नाही.

निरोप द्यायला ते आत शिरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.
उंबऱ्याबाहेरूनच कडी वाजवतं.
दोन कड्या सरकत जवळ येतात, जुळतात,
मग आत कुजबुज सुटते,
हिने तिच्या हातावर फॉस्फेटची चिमूट ठेवायची,
तिने पुढचीच्या,
थेट केंद्रकातल्या गुंडाळलेल्या पोथीपर्यंत.
तिथे पोचतो एकच शब्द:
वाढ.
मोठी हो म्हणून वाढ, की पानात घाल म्हणून वाढ,
पेशी विचारत बसत नाही.

रविवारी मुर्बीला आईचं बोट मोरलीवर कापलं,
मांदेली साफ करताना.
तिने ते तोंडात धरलं.
लाळेतही असतं गं ते प्रथिन, मी म्हटलं.
"कुत्र्याला पन ठाव हाय," ती म्हणाली.
मग, बोट तोंडातून काढून,
"दिसभर तय करतंस तरी काय गो?"

पेशींना वाढते.

"आन त्या पुरं बोलतान का?"

चांगल्या बोलतात.
चारी बाजूंनी शेजारणीचा खांदा लागला
की आवरतात.
पण खालच्या फळीवर एक बाटली आहे,
तिच्यावर नाव नाही, आकडा आहे.
ज्या बाईच्या त्या पेशी, तिला मी ओळखत नाही.
त्यांची कडी अडकलीय. दारात कोणी नसतं
आणि रात्रंदिवस वाजते.
उपाशी ठेवा, वाढतात.
जागा संपली, एकमेकींच्या अंगावर चढतात.

आई काही बोलली नाही.
खिडकीबाहेर, आमच्या जुन्या खाचरावर,
तेविसावा मजला चढत होता.
तिकडे मी मुद्दाम पाहिलं नाही,
उपमा फार सोपी होती.

गुरुवारी ओरखडा मिटला.
दोन्ही काठ सरपटत आले, भेटले, थांबले.
आईच्या बोटावरही गुलाबी, पातळ कातडी,
बरोबर बोटाएवढीच,
तसूभर उंच नाही.
हे थांबणं मला अजून समजलेलं नाही.
सहा वर्षं झाली, पगार त्याचाच घेते.

रात्री ती भाताचं पातेलं घेऊन आली.
दोन डाव झाल्यावर
मी ताटावर आडवा हात धरला.
पुरे.
तिने बोटांच्या फटीतून
आणखी एक वाढलाच.