वीतभर फट

आधी चुलीची जागा, मग माणसांची.
लॅब्राडोरात, गोठलेल्या सरोवराच्या काठी,
अकातमावशी बर्फातल्या बुटांनी भुई तुडवते,
स्प्रूसच्या डहाळ्या अंथरते, देठ खाली, शेंडे वर,
आणि दाराच्या उजव्या अंगाला
दोन हिरवे ओंडके आडवे टाकते.
त्यांच्यावर पत्र्याची चूल.
आठवड्यात ओंडके वाळतील, मग बदलायचे,
ती आठवण माझ्याकडे.
"वाळका ओंडका गुपचूप पेटतो," ती म्हणते.
"खालून. आणि आपण वर चहा पीत बसलेले."

धुराडं कॅनव्हासमधून बाहेर पडतं
तिथे बिस्किटाच्या जुन्या डब्याची चकती,
तिच्यावर अर्धं जहाज, शिडासकट.
वर तोंडाला जाळी.
जाळी लावायची राहिली होती त्या एका रात्रीची
छताला सात भोकं, सात ठिगळं.
एक माझ्या फ्रॉकचं.

ओले मोजे चुलीपासून हातभर दूर.
पिनाशुएमामाने एकदा हातमोजे चुलीच्या डोक्यावरच ठेवले
आणि उरलेला हिवाळा
उजव्या हातात मोजा घालून शिकार केली.
तित्तिरंसुद्धा हसली असतील.

हे सगळं मला कळत होतं.
कळत नव्हती ती दाराच्या पडद्याखालची फट.
वीतभर. रोज रात्री मावशी ती हाताने मोजायची,
अंगठा बर्फावर, करंगळी कापडावर,
आणि तिथून वारा थेट
माझ्या अंथरुणात यायचा.

त्या रात्री झाडं तडकत होती,
बंदुकीचे बार उडावेत तशी.
मावशीचा श्वास संथ झाला तसं
मी पायानेच बर्फ ढकललं,
थोडं, मग आणखी थोडं.
फट बुजली.
काय झोप लागली म्हणून सांगू!
इतकी ऊब मी जन्मात पांघरली नव्हती.

मग कुणीतरी माझ्या डोक्यात लाकडं फोडू लागलं.
मावशी गुडघ्यांवर रांगताना दिसली,
लाकूड घालायला उठलेली, अर्ध्यात कोसळलेली,
एक हात पुढे, दाराकडे.
पडद्याच्या दोऱ्या सुटेनात तेव्हा तिने
कॅनव्हासच फाडलं, सुरीने, वरपासून खालपर्यंत.

आम्ही बाहेर बर्फात, ओकत.
तिने आम्हाला मोजलं. मी, पिनाशुएमामा,
त्याचं तान्हं, जे अजून रडत नव्हतं.
तिने त्याच्या तोंडावर फुंकर घातली. पुन्हा घातली.
मग ते रडलं
आणि सरोवरापलीकडचा कुत्रा भुंकला.

कुणी विचारलं नाही, फट कुणी बुजवली.
माझ्या पायमोज्यावर बर्फ चिकटलेलं होतं,
तिने ते पाहिलं,
आणि हाताने झटकून टाकलं.

पहाटेपर्यंत आम्ही फाटक्या तंबूत बसलो, पांघरुणात गुरफटून.
चुलीत निखारे उरले होते, लाल, गप्प, देखणे.
मावशी त्यांच्यावर वाळकी लाकडं रचत म्हणाली,
"धूर दिसतो, खोकला येतो, माणूस उठतो.
निखाऱ्याला धूर नसतो.
शुआशेमदादा असाच झोपला होता.
सकाळी गाल लालबुंद.
आम्हाला वाटलं, बरी ऊब लागली आज पोराला."
एवढंच. मग तिने दात लावून दोरा तोडला
आणि फाटलेलं शिवायला घेतलं.

शिवून झाल्यावर तिने माझा हात धरला,
दाराखाली उभा केला,
अंगठा बर्फावर, करंगळी कापडाकडे.
पुरेना. माझी वीत लहान.
"तुझी वीत," ती म्हणाली,
"आणि वर दोन बोटं."

आज रात्री लाकूड घालायला मी उठणार आहे.
वारा येतोय. नाक गार पडलंय.
पिनाशुएमामा झोपेत कुरकुरतो,
दार नीट लाव गं कुणीतरी.
मी दोन बोटं पुन्हा मोजते.