बाकी एक

आठवीत लोटलीकर बाईंनी गृहपाठ दिला:
आपल्या परिसरातून एक शाब्दिक उदाहरण तयार करा,
क्रमागत संख्यांचं. पुस्तकातलं नको.

पुस्तकातलं सगळं सुटायचंच.
तीन भावांची वयं, तीन पानं, तीन घरांचे नंबर,
बेरीज तिनानं निमूट भागली जाणारी.
मधल्याला क्ष माना, बाई म्हणायच्या,
अलीकडचा उणे एक नि पलीकडचा अधिक एक
एकमेकांना खाऊन टाकतात.

मी सावईवेऱ्याची. माझा परिसर म्हणजे माड.
भाटकाराच्या भाटात प्रत्येक बुंध्यावर डांबराचा आकडा,
पावणीच्या दिवशी वाद नको म्हणून.
साकवाजवळचे तीन मी येता-जाता रोज बघायची.
लिहिलं:
तीन माडांचे आकडे क्रमागत आहेत.
बेरीज एकशेबेचाळीस. तर ते आकडे कोणते?

सोडवायला बसले आणि अडकले.
पहिला क्ष धरला: सेहेचाळीस, बाकी एक.
मधला धरला: सत्तेचाळीस, बाकी एक.
शेवटचा धरून पाहिला:
अठ्ठेचाळीस.
बाकी एक.

वही परत आली ती लाल शाईनं:
संख्या क्रमागत नाहीत. पुन्हा जाऊन पाहा.

गेले. ऊन उतरलं होतं,
साकवाखाली कुणीतरी म्हशीला पाणी दाखवत होतं.
सेहेचाळीस.
सत्तेचाळीस.
मग तेऱ्याची रानटी पानं, ढोपराएवढी,
त्यांच्या आत बसकं, काळं खोड, वर मुंग्यांची वाट.
मग एकोणपन्नास.
दोन वर्षं मी ही फट शेजार म्हणून वाचली होती.

बाबा सोप्यावर हीर काढत होता.
पाडेली माणूस, आता झाडण्या बांधतो,
कमरेत बांबोळीच्या डॉक्टरांनी घातलेली सळई.
घरात त्या माडाला कुणी आकड्यानं हाक मारत नसे.
'तो माड' म्हणत, आणि आई विषय बदलायची.

बाबा, अठ्ठेचाळीस कुठे गेला?

कोयता एक अख्खं झावळं संपेपर्यंत थांबला नाही.
मग म्हणाला, आसा.
आणि कुशीवर हात ठेवून,
म्हजेकडेन आसा.

वही मागितली. तिसरी शिकलेला,
बोट ओळीखाली फिरवत क्षपाशी अडला.
हें कितें?
माहीत नसतं ते, मी म्हटलं.
आणि कळल्यावर?
तेव्हा आकडा लिहायचा.
हसला. कुसळ झटकावं तसं पान झटकलं त्यानं.
भाटकारानं लिहिला नाही, म्हणाला,
डांबर वाचवलं.

बाईंना मी दुसरं उदाहरण करून दिलं,
बसच्या तिकिटांचं. पूर्ण गुण.

आता म्हार्दोळच्या शाळेत मी वह्या तपासते.
कुणाच्या तरी उदाहरणात बाकी उरतेच.
लाल पेन उघडते,
आणि समासात आधी विचारते:
तू हे कुठे पाहिलंस?