अडीच तास पुढं

बाळगोंडाअण्णांनी बेदाणा निवडायचं मशीन आणलं
तेव्हा खोक्यावर काय लिहिलंय
ते तासगावात कुणालाच वाचता येईना.
चौकोनी अक्षरं, कौलारू घरांसारखी
एकाला एक लागून.

जोडायला शू आला. चार दिवस राहिला.
भडंग खाल्लं, तिखटानं रडला, पुन्हा मागितलं.
जाताना माझा फोन घेऊन
त्यात वीचॅटचा हिरवा चौकोन ठेवून गेला.
बोटानं दाखवलं:
मशीन आजारी पडलं, तर इथं बोल.

उघडलं की आधी एक इवला माणूस दिसायचा
अख्ख्या पृथ्वीसमोर एकटा उभा,
शेवटची एसटी चुकल्यासारखा.

तिकडं सगळे त्यातच राहायला गेले होते म्हणे.
शू चहाचे पैसे त्यातनं द्यायचा,
घरभाडं त्यातनं, लेकीची फी त्यातनं,
बायकोशी भांडणसुद्धा त्यातच.
एकदा फोटो पाठवला: भाजीवाली म्हातारी,
टोमॅटोच्या ढिगात खोचलेला
काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा कागद.
अण्णांनी चष्मा वर करून बघितला.
"नाणं खणखणलं नाही,
तर व्यवहार झाला कसा म्हणायचा?"

मशीन अडायचं ते नेमकं मार्चात, भर हंगामात.
काचेवर गंधकाची धूळ बसली
की पिवळ्यालाही काळा समजून फुंकरीनं उडवायचं.
मी व्हिडिओ धाडायचो.
उत्तर यायचं भाषांतरात वाकडं होऊन:
"मित्रा, डोळा धुवा. वाऱ्याला रागावू नका."
मी डोळा धुवायचो. वाऱ्याला रागवायचो नाही.
मशीन चालायचं.

तो कायम अडीच तास पुढं.
माझी दुपार चढायच्या आत त्याची उतरलेली.
तिकडं बर्फ पडला, लेक पडली,
तिच्या तुटक्या दाताचा फोटो आला.
त्यांच्या नव्या वर्षाला त्यानं लाल पाकीट पाठवलं.
ते उघडायला त्यांच्या बँकेत खातं लागायचं.
चोवीस तासांनी आपोआप परत गेलं त्याच्याकडं.
अजून वाटतं, किती असतील त्यात?

एक गोष्ट मात्र मी त्याला कधी लिहिली नाही.
त्या शेडात आधी चाळीस बायका बसायच्या.
हिराक्का न बघता, नुसत्या बोटांनी
काडी, खडा, काळा दाणा बाजूला काढायची
आणि तोंडानं सुनेबद्दल बोलायची.
दाराशी निघालेली बातमी
शेवटच्या बाईपर्यंत पोचायला
एक पाटी रिकामी व्हायचा वेळ लागायचा.
वाटेत ती थोडी वाढायची.

मग जून आला. हद्दीवर काहीतरी झालं,
टीव्हीवर यादी आली, यादीत हिरवा चौकोन.
थोड्याच दिवसांत बोलणं तुटलं.
इवला माणूस तसाच उभा, पृथ्वी तशीच,
पुढचं दार काही उघडेना.

दिवाळीच्या तोंडावर मशीननं पिवळा उडवायला सुरुवात केली.
डोळा धुतला. पुन्हा धुतला.
वाऱ्याला काय काय बोललो ते इथं सांगत नाही.
संध्याकाळी अण्णांनी मला हिराक्काच्या घरी धाडलं.

सहाच जणी आल्या. बाकीच्या बागांत गेलेल्या,
एक गेलेलीच.
हिराक्का पाटीपुढं बसली, बोटं आपोआप चालू.
"मशीनला काय झालं रं?"
"विचारायला माणूस उरला नाही."
"आम्हाला तरी कुणी इचारलं हुतं?"
बोटं थांबली नाहीत तिची.

परवा बाजारात भडंगवाल्याच्या गाड्यावर
ठिपक्यांचा कागद बघितला, हळद लागून पिवळा झालेला.
अण्णांनी पुडी घेतली, फोन धरला
आणि कान लावून थांबले.
डबी बोलली: वीस रुपये मिळाले.
"खणखणलं," म्हणाले, आणि चालायला लागले.

मी घड्याळ बघितलं. साडेपाच.
म्हणजे तिकडं आठ.
शू जेवला असंल.