अटी

रूवीत, घड्याळाच्या चौकामागे
एका शटराचं आमचं दुकान.
अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात सुलेमान शिंपी,
मधे प्लायवूड,
आणि प्लायवूडमधून त्याच्या मशीनची टकटक.

माणूस दारात आला की कळतं मला
पिशवीत काय आहे.
विंडोजवाला दोन्ही हातांनी धरून आणतो,
ताप आलेलं मूल आणावं तसा,
चार्जरची वायर गळ्यात,
आणि बसायच्या आधीच म्हणतो, मी काही नाही केलं.
मॅकवाले बसतच नाहीत.
थुरयाबाई मत्राहहून येतात,
काउंटरवर आधी रुमाल पसरतात,
त्यावर ठेवतात ती चपटी चांदी
आणि विचारतात, हात कोरडे आहेत ना तुझे?
लिनक्सवाला दुरुस्तीला येत नाही.
तो आमच्याकडे नोकरीलाच आहे.

रेजीमोन, कोट्टयमचा.
म्हणतो, सगळं उघडं, सगळं फुकट,
आतलं अक्षर न् अक्षर वाचता येतं.
वाचलंस?
वाचता येतं, हे महत्त्वाचं.
सहा वर्षं कुबूस मोडता मोडता हेच भांडण.
मी विंडोजच्या बाजूचा. का, तर
खेडच्या इन्स्टिट्यूटमध्ये तेवढंच शिकवलं,
नऊ महिन्यांचा कोर्स आणि चोरीची सीडी.
पहिलं मीठ कुणाचं खाल्लं
ते जीभ विसरत नाही.

पंखे उघडले की मात्र
तिघांतून एकच वाळू निघते,
नाचणीच्या पिठासारखी.
ब्रशने झटकताना
कुठली कुणाची, मला कधी सांगता आलं नाही.

गुरुवारी रात्री दिलावर खलफे आला.
दाभोळचा. रस्त्याच्या साइटवर फोरमन,
नखांत डांबर, काखेत जुना लॅपटॉप,
कुणीतरी देश सोडताना विकलेला.
म्हणाला, काय पण टाक.
पोरीचं तोंड दिसलं म्हणजे झालं.

रेजीमोनने माझ्याकडे पाहिलं.
सहा वर्षांनी न्यायाधीश मिळाला होता.
आम्ही दोघंही बोललो, बराच वेळ,
हात वारे करून.
खलफेने ऐकून घेतलं
आणि माझ्या बाजूला बसला. गाववाला म्हणून,
दुसरं काही कारण नव्हतं.

अर्ध्यावर ते पान आलं. बारीक अक्षरं, खाली बटण.
मी सवयीने बोट पुढे नेलं.
थांब, म्हणाला. काय लिवलंय?
कोण नाही वाचत, चाचा.
मी पण नाय वाचलं तेव्हा. अरबीत होतं.
एजंट म्हणाला, इकडं सही, तिकडं सही.
वाच.

म्हणून मी वाचलं,
इंग्रजीतून आपल्या बोलीत, अडखळत.
की हे तुम्हाला विकलेलं नाही, वापरायला दिलंय.
की आम्ही केव्हाही बदल करू.
की नुकसानीला आम्ही जबाबदार नाही.
खलफे दर ओळीला हूं म्हणत होता,
ओळखीच्या माणसाचं वर्णन ऐकावं तसा.
अकराव्या पानावर लक्षात आलं,
पलीकडची टकटक बंद आहे.
सुलेमान प्लायवूडला कान लावून बसला होता,
मराठी येत नसताना.

नको म्हटलं तर काय होतं?
बंद होतं.
घरी पाठवत नाय ना?
नाही, चाचा.
मग त्यानेच दाबलं, काळ्या बोटाने, अगदी सावकाश.
मान्य नाही.
स्क्रीन गेला.
तो हसला. इतका, की डोळे पुसावे लागले,
आणि डोळ्याखाली डांबर लागलं.

आता तुझं टाक, रेजीमोनला म्हणाला.
रेजीमोनने छाती काढून पेनड्राइव्ह लावला,
भाषा विचारली, टाइमझोन विचारला,
भराभर पुढे गेला.
खलफे वाकून बघत राहिला. मग जरा हिरमुसून म्हणाला,

यात नाय म्हणायची सोय नाय?