पातळी = कंबर

जानेवारी. सिडकोतून गाडीवर येईपर्यंत
बोटं इतकी गारठतात
की पहिली कमांड दोनदा चुकते.
पूरनियंत्रण कक्ष या दिवसांत रिकामा,
नदी खाली आपल्या पात्रात मुकाट,
आणि खैरनार साहेब म्हणतात,
सवड आहे तोवर जुन्या वह्या आत घ्या.

वह्या पिंगळेबाईंनी टाइप करून ठेवल्यात,
साध्या मजकुरात, एकही चूक न सुधारता.
आहे ते आहे, असा त्यांचा नियम.
डावीकडे नाव, मग बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत:

ठिकाण = होळकर पूल
वेळ = पहाटे ३
पातळी = ९
मोजणारा = ल. गांगुर्डे

मला एवढंच करायचं होतं.
मजकूर एका बाजूनं नळीत सोडायचा,
दुसऱ्या बाजूनं वस्तू काढायच्या,
ज्यांना टिंब देऊन, नाव घेऊन विचारता येतं,
पातळी किती, वेळ कोणती,
आणि त्या सांगतात.
मजकूर सांगत नाही. तो नुसता असतो,
घाटावर वाळत घातलेल्या धोतरांसारखा.
कोणतं कोणाचं, ते आपण ओळखायचं.

पहिल्या दिवशी दहा नवाच्या आधी आले.
अक्षरं म्हणून पाहिलं तर एक आधीच येतो,
आणि यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं
की हे आकडे आहेत, यांत माणसं बुडतात.
दुसऱ्या दिवशी देवनागरी चार दारात अडला.
त्याला इंग्रजी कपडे घालून आत घेतला.
तिसऱ्या दिवशी पडद्यावर लाल ओळ.
पातळी = कंबर.

कंबर ही संख्या नाही, यंत्र म्हणालं.
बरोबरच आहे त्याचं.
पण खाली आणखी होत्या,
घोटा, गुडघा, छाती,
एके ठिकाणी नुसतं गळा, आणि वेळ कोरी.

मी तक्ता बांधायला घेतला.
टेप घेऊन गेले दुतोंड्या मारुतीपाशी,
भेळवाल्याच्या पोराला टोक धरायला लावलं.
पोरगं म्हणालं, देवाचं माप कशाला, ड्रेस शिवायचाय?
घोटे, गुडघे, कंबर, सगळं फुटांत लिहून आणलं.
मग वाटलं, विचारून तरी घ्यावं.

गांगुर्डे मखमलाबादला असतात, मुलीकडे.
फोनवर आधी खोकला आला, मग ते.
मारुतीची नव्हे हो, म्हणाले,
त्याची असती तर मारुती लिहिलं असतं.
ती माझी कंबर.
पट्टी वाहून गेली होती. मग मीच उतरलो,
तिसऱ्या पायरीवर, दोर बांधून.
आणि गळा लिहिलाय तिथं वेळ का नाही?
हात दोराला होते, बाई. घड्याळ कोण बघतं.

उंची विचारली. पाच फूट दोन.
तेव्हा, ते म्हणाले. आता कमी भरेल.

मारुतीचा तक्ता पुसला.
त्या नोंदींना एक नवा गुणधर्म जोडला:
पट्टी = ल. गांगुर्डे.
यंत्रानं हूं की चूं केलं नाही.
गुणधर्म कितीही द्या, ते घेतं.
एकच नाव दोनदा मात्र चालत नाही.
शेवटच्या नोंदीत शेरा दोन वेळा होता
आणि ते तिथंच हटून बसलं.
पहिला, पाणी उतरले.
दुसरा, डावी चप्पल गेली.

दुसरा काढून टाका, साहेब म्हणाले,
तो काही पातळीचा नाही.
मी हो म्हटलं, आणि त्याचं नाव बदललं. शेरा२.
सगळं पुन्हा पहिल्यापासून चालवलं.
दोन हजार तीनशे अकरा वस्तू,
एकही लाल ओळ नाही.

साहेब चहाला गेले होते.
सहज शेवटची वस्तू हातात घेतली,
टिंब दिलं, विचारलं.
उत्तर आलं, लगेच, पांढऱ्या अक्षरांत,
जसं काही कोणी इतकी वर्षं
विचारायचीच वाट बघत होतं:

डावी चप्पल गेली.