चौदा नंबर

ऑक्टोबरात बारा जर्स्या आल्या, खळ चढवल्यासारख्या करकरीत.
स्किरमान्तेने त्या उलट्या करून धुतल्या,
तीस अंशांवर, दुसऱ्या कशातही न मिसळता.
नाहीतर हिरवा रंग पांढऱ्या आकड्यांत उतरतो
आणि टीव्हीवर तीन कोण, आठ कोण, कळत नाही.

पानेवेझीसच्या क्रीडागृहाखाली तिची खोली.
वर चेंडू आपटला की दिवा थरथरतो.
बास्केट झाली की छत पाय आपटतं,
हुकली की
अख्ख्या गावाचा सुस्कारा झिरपत खाली येतो.
एकवीस वर्षांत एकही सामना तिने पाहिलेला नाही.
निकाल तिला टोपलीत कळतो:
जिंकलेल्या जर्स्या बोळा करून फेकलेल्या,
हरलेल्या, घडी घालून.

नोव्हेंबरात झादर. डिसेंबरात पात्रास,
तिथून बॅगा तीन दिवस उशिरा आल्या,
उघडल्या तर आत आंबलेला समुद्र.
बारा गावचं पाणी प्यायलेलं कापड म्हणावं,
तर पाणी शेवटी एकाच नळाचं, जरा लोखंडी चवीचं.
रक्ताला गार पाणी आणि मीठ.
मीठ लोक जखमेवर चोळतात,
ती खांद्याच्या पट्टीवर.

चौदा नंबर क्विन्टन. मेम्फिसचा.
सरावानंतर खाली यायचा, उजवा गुडघा
तापलेल्या ड्रायरला टेकवून बसायचा.
आभाराचा इथला शब्द त्याला शिंकेसारखा वाटे,
तो खरंच शिंकायचा, नाक धरून,
आणि तीही म्हणायची, असू दे, असू दे.
नाताळाआधी गुडघ्याचा फोटो काढला.
फोटोत काय दिसलं ते तिला कुणी सांगितलं नाही.
त्याचा एक मोजा राहिला.

नाव सोलायचं कामही तिचंच.
इस्त्री, ब्लेड, स्पिरिट.
अक्षरं निघतात, डिंक राहतो.
त्यावर नवं नाव बसवलं: ग्विदास, वय एकोणीस,
बाप साखर कारखान्यात.
उजेड तिरपा पडला
की पाठीवर दोघं दिसत.

मार्चमध्ये परक्या मैदानावर अकरांनी हरले.
आठवड्याने घरी.
त्या रात्री छत इतकं कोसळत होतं
की तिने साबणाच्या बाटल्या खाली उतरवून ठेवल्या.
मग भोंगा.
मग ना टाळी, ना सुस्कारा.
खुर्च्या एकेक मिटत गेल्या.

टोपली आली नाही. ग्विदास आला, जर्सी अंगावरच.
"जिंकलो," म्हणाला. "दहांनी."
"मग?"
"अकरा झाले असते, तर अजून पाच मिनिटं मिळाली असती."

हे गणित तिला उमगलं नाही.
काढ ती, घाम अंगावर वाळेल, ती म्हणाली.
तो खाली बसला, पाठ ड्रायरला टेकवून.
पत्रा गार होता.
धुवायला अजून काहीच आलं नव्हतं.
तिने ड्रायर रिकामाच सुरू केला.